जबड्याचं दुखणं आणि ‘बाइट’ : दात ग्राइंड करून घ्यावेत का?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

बरेच महिने डाव्या कानाच्या पुढे दुखतंय. सकाळी उठल्यावर जास्त, दुपारी जरा बरं, संध्याकाळी काम संपता संपता पुन्हा सुरू. जांभई देताना खट्ट आवाज होतो, शेजारच्याला ऐकू जाईल इतका. आधी कानच दुखतोय असं वाटलं, पण कानाच्या डॉक्टरांनी आत डोकावून कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग दातांचे डॉक्टर. त्यांनी निळा कागद चावायला दिला, दातांवर उमटलेले ठिपके आरशात दाखवले आणि म्हणाले, वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत, जबडा एका बाजूला सरकतो, बाइट चुकलाय. मागच्या दाढा थोड्या ग्राइंड करायच्या, म्हणजे घासून कमी करायच्या, एक-दोन कॅप बसवायच्या, बाइट सेट झाला की दुखणं जाईल.

खात्री करायला दुसरीकडे गेले तर ते म्हणाले ब्रेसेस लावा. आणखी एका मॅडमनी दोन्हीला नको म्हटलं आणि रात्री दातांवर घालायची प्लेट सांगितली.

आता मी कोणाचं ऐकू? बाइट दुरुस्त केल्यावर खरंच दुखायचं थांबलं, असं कोणी आहे का इथे? आणि न थांबलेलेही सांगा.

उंटावरचा_शहाणा

जांभई देणं बंद करा. जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतोय.

कर्णफुले

अगदी सेम सुरुवात. फक्त माझं दुखणं कानाऐवजी खालच्या दाढेत जाणवायचं. एक्स-रेमध्ये काही नव्हतं, तरी दुखतंय म्हणून रूट कॅनाल झालं. दुखणं जागच्या जागी! मग शेजारच्या दाढेवर संशय. तेवढ्यात एका डॉक्टरांनी वेगळंच केलं. दाताला हातच लावला नाही. गालावर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर, अंगठा टेकवून दाबला आणि तसाच धरून ठेवला. काही क्षणांत तेच दुखणं, तस्संच, दाढेत उमटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. चावायचा स्नायू दुखत होता आणि नाव दाढेचं खराब होत होतं.

दुसरी दाढ वाचली. पहिलीचं रूट कॅनाल आता स्मारक म्हणून आहे.

मोजपट्टी

मी वेगळं मत मांडतो. कुठलंही यंत्र घ्या, दोन भाग तिरके बसले की सांध्यावर ताण येणारच. जबड्याला वेगळा नियम कशाला? माझा बाइट एका बाजूला उंच होता, तो ग्राइंड करून घेतला आणि काही आठवड्यांत दुखायचं थांबलं. मधली_सुट्टी, पहिले डॉक्टर बरोबर असू शकतात. नेटवरच्या भीतीपोटी उपचार टाळू नका.

दंतकथा

मी दंतवैद्य आहे. स्वतःच्याच बिरादरीविरुद्ध बोलतोय असं वाटलं तर वाटू दे.

कानाच्या पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा, टीएमजे. तो आधी जागच्या जागी फिरतो आणि तोंड मोठं उघडलं की ड्रॉवरसारखा पुढे सरकतो. खालच्या हाडाचा गोळा आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चकती असते. ती पुढे घसरलेली असली तर तोंड उघडताना गोळा तिच्यावर चढतो, तेव्हा खट्ट होतं. नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. काहीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी साधारण तिघांत एकाची चकती सरकलेली सापडते.

आता बाइट. १९३४ साली जेम्स कॉस्टन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने मांडणी केली की मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांध्यामागे दाब पडतो आणि म्हणून कान दुखतो, कानात आवाज येतात. त्याचं शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण पुढे खोडलं गेलं, पण दंतवैद्यांनी ‘दुखतंय म्हणजे बाइट चुकलाय’ एवढं मात्र घट्ट धरून ठेवलं. कित्येक दशकं त्यापायी दात घासले गेले, उंच केले गेले, कॅपा चढल्या. नंतर शिस्तीत तुलना करून पाहिलं तेव्हा दात ग्राइंड करून हे दुखणं बरं होतं किंवा टळतं असा पुरावा काही हाती लागला नाही. ब्रेसेसचंही तेच. त्यांनी हे दुखणं होत नाही आणि जातही नाही.

निळ्या कागदाबद्दल दोन शब्द. तो दात कुठे टेकतात ते दाखवतो, किती जोराने टेकतात ते नाही. शिवाय जबडा दुखत असताना स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे मिटण्याची जागाच थोडी बदलते. म्हणजे बाइटमुळे दुखतंय की दुखण्यामुळे बाइट तसा दिसतोय, हे त्या दिवशी त्या खुर्चीत ठरवणं अवघड. अशा वेळी ग्राइंड करणं म्हणजे हलत्या निशाण्यावर नेम धरणं. आणि घासलेलं एनॅमल परत उगवत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: जे मागे फिरवता येतं ते आधी.

मोजपट्टी

मग मी बरा कसा झालो ते सांगा. माझं मनाचं दुखणं होतं का?

दंतकथा

मोजपट्टी, मनाचं अजिबात नाही. एक विचारतो: त्याआधी जवळपास कुठली फिलिंग किंवा कॅप झाली होती?

मोजपट्टी

हो, त्याच बाजूला नवी कॅप. का?

दंतकथा

मग तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं. नवी कॅप किंवा फिलिंग उंच राहिली आणि त्यानंतर दुखायला लागलं तर ती उतरवलीच पाहिजे. पण ती माणसाने बसवलेली वस्तू. मधली_सुट्टी यांच्या बाबतीत जन्माचे, वर्षानुवर्षं तसेच असलेले दात घासायचं चाललंय. हे दोन वेगळे प्रश्न.

आणि हे दुखणं मुळात कमी-जास्त होत राहतं. माणूस डॉक्टरकडे जातो ते सगळ्यात वाईट दिवसांत, तिथून पुढे बऱ्याचदा उतारच असतो. मधे जो उपचार झाला असेल त्याला श्रेय मिळतं. माझ्या प्लेटलाही मिळतं, मी तक्रार करत नाही.

मोजपट्टी

ठीक. यंत्राचा मुद्दा मात्र मी सोडत नाहीये.

निशाचर

सकाळी जास्त दुखतं म्हणजे रात्री दात खाताय का ते बघा. मला स्वतःला पत्ताच नव्हता, बायकोने रेकॉर्डिंग ऐकवलं. दगडावर दगड घासल्याचा आवाज. त्यात आणखी एक निघालं. मी घोरायचो, मधेच श्वास अडकायचा, त्याची तपासणी झाली, स्लीप अॅप्निया निघाला. दात खाणं आणि अॅप्निया एकाच माणसात बरेचदा सापडतात असं डॉक्टर म्हणाले. उपचार श्वासाचे सुरू झाले, सकाळचं डोकं दुखणं गेलं, जबडाही बराच हलका झाला.

आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात खाणं सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं. गोळी नवीन असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.

साधीसुधी

+१ निशाचर. पण दिवसा दात आवळणं हे वेगळं प्रकरण असतं ना?

सांधेजोड

वेगळंच. आणि माझ्या अनुभवात (फिजिओथेरपिस्ट आहे) दिवसाचंच जास्त छळतं, कारण तिकडे कोणाचं लक्षच नसतं.

आत्ता हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील तर सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे अलगद. विश्रांतीत वरच्या-खालच्या दातांत दोन-चार मिलिमीटर फट असायला हवी. दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना, एरवी त्यांचं एकमेकांशी काही काम नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवा आणि ती दिसली की दात तपासा. पहिल्या दिवशी दर वेळी पकडले जाल.

बाकी: जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड पूर्ण आ वासणार नाही. मान वाकडी करून खांद्यावर फोन धरणं बंद. हनुवटी तळहातावर टेकवून वाचणं बंद. च्युइंगम बंद. दुखतंय त्या काळात मऊ खा आणि दोन्ही बाजूंनी चावा. गालाला ओला शेक. जीभ टाळूला लावून तोंड हळू उघडणं-मिटणं, आरशात बघून, सरळ रेषेत. हे शिकायला एकदा तरी कोणासमोर बसून शिका. व्हिडिओ बघून केलेल्यांपैकी निम्मे लोक जोर लावून दुखणं वाढवून येतात.

डिसेंबर २०२३ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात जुनाट टीएमजे दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात ठाम शिफारस कशाची? देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले सांध्याचे आणि स्नायूंचे उपचार, दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धत. हे वाचून दंतवैद्य रागावतील, पण नुसत्या प्लेटची शिफारस तिथे नाही.

दंतकथा

रागावलो नाही. प्लेटने दात झिजायचे वाचतात, काहींना सकाळी बरं वाटतं, तेवढंच माझं म्हणणं. प्लेट म्हणजे उपचार संपला असं सांगणारा डॉक्टर अर्धंच सांगतोय.

उंटावरचा_शहाणा

सांधेजोड, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून मी तोंड उघडं ठेवून बसलोय. घरचे काय झालं म्हणून विचारताहेत.

सांधेजोड

ओठ मिटा हो. दात सुटे म्हटलं, तोंड नाही.

बाकदार

सगळे बाइटला निर्दोष ठरवायला निघालेत म्हणून लिहितो. माझा खालचा जबडाच पुढे होता. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचं जे वर्गीकरण केलं त्यातला तिसरा वर्ग, तोही चांगला ठळक. पुढचे दात एकमेकांना भेटायचेच नाहीत. शिवताना समोरच्या दातांनी दोरा तोडायचा असेल तर तोंड वाकडं करून बाजूच्या दातांत धरावा लागायचा. चावायला वेळ लागायचा, काही अक्षरं फुसकी यायची.

अशा वेळी नुसत्या ब्रेसेसने भागत नाही, हाड हलवावं लागतं. आधी ब्रेसेस. आणि हे आधी कोणी नीट सांगत नाही म्हणून ऐका: त्या काळात चेहरा आणखी वाईट दिसतो. वर्षानुवर्षं दात वाकून जबड्याची चूक झाकत असतात, ते सरळ केले की मूळ फरक उघडा पडतो. मग ऑपरेशन. वरचं हाड आडवं कापून पुढे, खालचं दोन्ही बाजूंनी उभं चिरून मागे, टायटॅनियमच्या पट्ट्या. नंतर रबर लावून जबडे बांधलेले, सिरिंजने पातळ घ्यायचं. सूज अशी की आरशात दुसराच कोणी.

खालच्या जबड्यातून जाणारी नस ताणली जाते. ओठ नि हनुवटी बधिर झाली, बरीचशी परत आली. एक रुपयाएवढा तुकडा अजून तसाच आहे. दाढी करताना ब्लेड तिथे पोचलं की काहीच कळत नाही, डोळ्यांनी बघून फिरवावं लागतं.

पुन्हा करीन का? हो. चावता येतं, बोलणं स्पष्ट झालं. पण सांध्याचं दुखणं जाईल म्हणून केलं असतं तर निराश झालो असतो. खट्ट आवाज अजून आहे. कधीतरी दुखतंही. सर्जनने सही घेण्याआधीच बजावलं होतं की दुखण्याची हमी नाही, कोणाचं कमी होतं, कोणाचं नाही, क्वचित कोणाचं वाढतंही. त्या माणसावर माझा विश्वास बसला तो त्या वाक्यामुळे.

मधली_सुट्टी

बाकदार, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. माझं तुमच्यासारखं काही नाही, दात दिसायला चांगले आहेत, चावायला त्रास नाही. दुखतं फक्त.

रिमझिम

थोडं अवांतर. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीचा जबडा वाजतो. दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणाले आत्ता ब्रेसेस लावल्या नाहीत तर पुढे सांधा खराब होईल. घाबरू का?

दंतकथा

दुखत नसेल आणि तोंड उघडत असेल तर त्या आवाजासाठी ब्रेसेस नको. दात वेडेवाकडे असतील, चावायला अडचण असेल, तिला स्वतःला हवं असेल तर लावा, ती रास्त कारणं आहेत. ‘पुढे सांधा खराब होईल’ हे कारण नव्हे. मात्र चेहरा हळूहळू एका बाजूला कलतोय, हनुवटी मध्यरेषेवरून सरकत चाललीय असं जुन्या फोटोंशी ताडून दिसलं तर लगेच दाखवा. कधी एका बाजूचा गोळा वाढतच राहतो, ते तपासावं लागतं.

कुलूपबंद

आयडी याच धाग्यासाठी घेतलाय. माझाही जबडा वाजायचा. एके सकाळी आवाज बंद! मी खूश. ब्रश तोंडात घालायला गेले तर जाईना. आपली तीन बोटं उभी करून दातांमध्ये बसली पाहिजेत, मला दीडच बसत होती. चकती पूर्ण पुढे अडकली होती, गोळा तिच्यावर चढायचाच थांबला, म्हणून आवाजही थांबला.

ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला, त्यात काही दिसलं नाही. त्यात हाड दिसतं, चकती नाही, ती एमआरआयमध्ये दिसली. आधी व्यायाम आणि हाताने सांधा मोकळा करणं. त्याने भागेना तेव्हा सांध्यात दोन सुया घालून सलाइनने तो धुतला. ऐकायला भयंकर, पण जागा बधिर करून केलं. हळूहळू तोंड उघडू लागलं. चकती अजून पुढेच आहे म्हणे, पण माझी काही तक्रार नाही. म्हणून आवाज अचानक बंद झाला आणि तोंड कमी उघडायला लागलं तर थांबू नका.

स्टेथोधारी

धागा वाचून प्रत्येक जबडादुखी म्हणजे टीएमजे असा समज नको, म्हणून फिजिशियनच्या नात्याने लिहितो.

पन्नाशी उलटलेली, चावताना जबडा भरून येतो आणि थांबलं की उतरतो, कानशील दुखतं, केसांतून कंगवा फिरवला तरी त्रास, त्यात नजर धूसर: ही रक्तवाहिनीची सूज असू शकते, उशीर झाला तर दृष्टी जाते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जिना चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, तर दंतवैद्य नव्हे, हृदयाचा ईसीजी.

तोंड धुताना, वारा लागताना गालात विजेचा झटका बसावा तशी सेकंदाची कळ: ते नसेचं दुखणं. यात चांगले दात उपटले गेलेले पेशंट मी पाहिलेत.

उंटावरचा_शहाणा

हा धागा वाचायला आलो तेव्हा फक्त जबडा दुखत होता.

खटपट्या

ऑनलाइन पाण्यात उकळून चावायच्या प्लेट मिळतात. कोणी वापरल्यात? आणि एक छोटीशी असते, फक्त पुढच्या दातांवर बसणारी, ती कशी?

दंतकथा

मऊ प्लेट काही दिवस दात झाकायला चालेल, पण काही लोक ती चघळत बसतात आणि उलट जास्त आवळतात. पुढच्याच दातांवर बसणारी, महिनोन्‌महिने देखरेखीशिवाय वापरली तर जपून. मागच्या दातांना टेकायला काही उरत नाही, ते हळूहळू वर येतात किंवा पुढचे आत दाबले जातात, आणि मग प्लेट काढली तरी बाइट जुळत नाही. चांगल्या बाइटचा बिघडलेला बाइट घरच्या घरी. सगळे दात झाकणारी, टणक, डॉक्टरने मापाने बसवलेली आणि अधूनमधून तपासलेली प्लेट घ्या.

मोजपट्टी

सांधाच बदलून टाकला तर? गुडघ्याचा बदलतात की.

दंतकथा

बदलतात, पण सांधा जखडून गेलेला असतो किंवा हाडच नष्ट झालेलं असतं अशांसाठी. घाईचा इतिहास चांगला नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत चकतीच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉन या कृत्रिम पदार्थाचे इम्प्लांट बसवले गेले. चावण्याच्या दाबाखाली त्यांचा चुरा झाला, शरीराने त्या कणांवर हल्ला चढवला आणि आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं, काहींचं कवटीपर्यंत. १९९०-९१ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ते बाजारातून काढायला लावले. ज्यांना बसवले त्यांपैकी अनेकांचं मूळ दुखणं साधं होतं. यंत्राचा मुद्दा सोडत नसाल तर हाही लक्षात ठेवा.

मोजपट्टी

हे माहीत नव्हतं. गप्प बसतो.

कर्णफुले

दात सुटे ठेवून गप्प बसा.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

पहिल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि सरळ विचारलं: दाढा घासून दुखणं थांबलं नाही तर पुढे काय? ते म्हणाले, मग आणखी थोडं अॅडजस्ट करू. तिथेच नको म्हटलं. प्लेट सांगणाऱ्या मॅडमकडे प्लेट बनवून घेतली. त्यांनी आपणहून स्नायू दाबून बघितले, तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजलं, झोप कशी लागते विचारलं. आधीच्या दोन्ही ठिकाणी यातलं काहीच झालं नव्हतं. त्यांनीच फिजिओकडे पाठवलं.

लाल टिकली लावलीय. सांधेजोड, तुम्ही म्हणालात तसंच, दर वेळी पकडली जाते. विशेषतः ईमेल लिहिताना. दुखणं गेलेलं नाही, पण संध्याकाळचं बरंच सौम्य झालंय. खट्ट आहेच, आता त्याच्याकडे लक्ष देत नाही.

एक शेवटचं: प्लेट धुवायची कशी? सकाळी वास येतो.

दंतकथा

गार पाणी, मऊ ब्रश, थेंबभर साधा साबण. टूथपेस्ट नको, चरे पडतात आणि त्यात घाण साठते. गरम पाणी अजिबात नको, प्लेट वाकते. हवा खेळेल अशा डबीत ठेवा आणि दर तपासणीला सोबत न्या. कुत्रा असेल तर त्याच्या आवाक्याबाहेर. माझ्या पेशंटांच्या प्लेटा सगळ्यात जास्त कुत्र्यांनी संपवल्यात.

मधली_सुट्टी

कुत्रा नाही. दोन वर्षांचा भाचा आहे.

उंटावरचा_शहाणा

कुत्रा परवडला.